भरती आली होती

सहलीचे फोटो दुसऱ्याला दाखवणं हा दानधर्म आहे की अत्याचार, याचा निकाल अजून लागलेला नाही. दाखवणाऱ्याला वाटतं, आपण आनंद वाटतो आहोत. पाहणाऱ्याला वाटतं, चहा तरी लवकर यावा. मी दोन्ही बाजूंनी भरपूर अनुभव घेतला आहे. लोकांच्या लग्नाचे आल्बम मी इतके पाहिले आहेत, की अनोळखी वरातीतला मामा कोणता हे आता मी नुसत्या फेट्यावरून सांगू शकतो. तेव्हा परवा मुरूडचे फोटो दाखवायची पाळी माझ्यावर आली, ती मी हक्काची वसुली समजूनच स्वीकारली.

आमचं जळगावात झाडवेड्यांचं एक टोळकं आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, यजमानाची झाडं पाहायची, "वा!" म्हणायचं आणि घरी येऊन "त्यांच्या जास्वंदाला मावा पडलाय" असं सांगायचं. त्यात गुलाबवाले वकीलसाहेब आहेत, निवडुंगवाल्या काकू आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा आहेत. गावाभोवती मैलोन्‌मैल केळीच्या बागा असताना आम्ही चार कुंड्यांपायी जीव टाकतो, याचं बाहेरच्यांना हसू येतं. पण केळीला मालक असतो, आणि शिवाय केळ हे झाडच नव्हे, ते एक मोठं गवतासारखं रोप, असं काकू सांगतात. मी बँकेत कारकून असल्यामुळे माझ्याकडे मनीप्लांट सोपवण्यात आला आहे. तो मी शेजाऱ्यांच्या कुंपणावरून आणला. मनीप्लांट चोरूनच लावावा लागतो, विकत आणलेला वाढत नाही, हे शास्त्र कोणत्या ऋषीनं लिहिलं ठाऊक नाही. पण बँकेतल्या माणसानं ते पाळावं यात मला कधी विसंगती वाटली नव्हती.

तर फेब्रुवारीत एलएफसी काढली आणि दापोली तालुक्यातल्या मुरूडला गेलो. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. (जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण आरक्षण करताना मला ते माहीत नव्हतं.) जाताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून जायफळाचं एक रोप रीतसर पावती घेऊन विकत आणलं. १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेचा मान राखला पाहिजे. किनाऱ्यावर मी दोनशे बारा फोटो काढले. त्यातल्या नऊ फोटोंत कुटुंब आहे, आणि नऊपैकी चारांत ते पाठमोरं आहे, अशी सौ.ची मोजणी.

बाकी सगळी झाडंच. सुरूचं बन, तो मूळचा तिकडे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा, इथं लावलेला. त्याच्या ज्या सुया आपण पानं समजतो त्या बारीक फांद्या असतात, खरी पानं डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढी खवल्यांसारखी. केवड्याचं बेट. उंडीचं जुनं झाड, ज्याच्या बियांच्या तेलावर कोकणात एके काळी दिवे जळत. आणि वाळूवर पसरलेली मर्यादवेल. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल जांभळट गुलाबी नरसाळं, नात्यानं रताळ्याची बहीण. पेरापेराला मुळं सोडत ती धावते आणि वाळू धरून ठेवते. रोजच्या भरतीचं पाणी जिथं थांबतं तिथून वर तिचं राज्य सुरू होतं, म्हणून मर्यादवेल. समुद्राला "इथपर्यंतच बरं का" असं सांगणारी ती एक हिरवी रेघ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेतला हातभर तुकडा मी मुळांसकट उपटला. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हणजे सौ. होती. ती म्हणाली, "अहो, हिला मालक नसेल, पण काम आहे." मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या किनाऱ्याला हातभर वेलीनं काय होतंय?" बँकेत कर्जदार अगदी याच सुरात बोलतात. पावती घेतलेल्या जायफळाशेजारी, ओल्या टॉवेलात गुंडाळून ती वेल जळगावला आली.

गच्चीवरचा कार्यक्रम छान झाला. घरातल्या टीव्हीला फोन जोडून मी दोनशे बारांपैकी साठ फोटो दाखवले. वकीलसाहेब चाळिसाव्या फोटोपर्यंत जागे होते. काकूंनी सुरूच्या खवल्यांचं कौतुक केलं. उपटलेल्या वेलीबद्दल मी बोललो नाही. कुंडी पाण्याच्या टाकीमागे होती. कुणी विचारलंही नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मला तेव्हा वाटत होतं.

माझी शाखा धुळ्याला. सोमवार ते शुक्रवार मी तिथं खोली घेऊन राहतो. घरमालकांचे शेजारी एक निवृत्त भूगोलाचे सर आहेत, वय ऐंशीच्या घरात. अंगणात कडुलिंब, परसात अळू. म्हणजे आमच्याच जातकुळीतले. सरांनी खानदेशातल्या शाळांतून तीस-बत्तीस वर्षं समुद्र शिकवला. भरती, ओहोटी, खारे वारे, मतलई वारे. पण समुद्र पाहिला नाही. आधी बहिणींची लग्नं होती, मग मुलांची शिक्षणं, मग बाईंचं आजारपण, आणि आता गुडघे. मी फोटो दाखवायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, तो पुन्हा एकदा पुसला आणि खुर्ची खिडकीजवळ ओढली. माझ्या फोटोंसाठी एवढी तयारी आजवर कुणी केलेली नाही.

"कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर," ते म्हणाले, "आणि आपण एकविसाच्या आसपास. म्हणजे धुळे-जळगावही उष्णकटिबंधातच बरं का! फक्त समुद्र द्यायचा राहून गेला."

सरांनी साठ नव्हे, दोनशे बाराच्या दोनशे बारा फोटो पाहिले. घाई नाही, जांभई नाही. आणि एकशे चाळिसाव्या फोटोशी थांबले.

"हा ओंडका मघाही होता. मागे जा. हं. इथं ओंडक्याच्या डावीकडे वेल सलग आहे. आणि या सकाळच्या फोटोत मध्येच तुटलीय. असं कसं?"

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला आणि जिथं त्यांच्या नावाचं मंडळ अस्सल कागदपत्रं जपून बसलं आहे, तिथं असा पुराव्याचा माणूस भेटणारच. माझ्या तोंडून निघून गेलं, "रात्री भरती आली होती, सर."

सर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मग माझं चुकलंच म्हणायचं. मी मुलांना सांगत आलो, रोजची भरती या वेलीच्या खालीच थांबते. फेब्रुवारीत वादळ नाही, काही नाही, तरी ओलांडली? पुस्तकातलं आणि प्रत्यक्षातलं शेवटी वेगळंच." आणि त्यांनी ते एका वहीत टिपून ठेवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काही फार नीतिमान माणूस नाही. शाखेत "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणतो आणि घोरत झोपतो. मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याची गोष्ट आहे. खुनी दाराशी येऊन "तुमचा मित्र घरात आहे का?" असं विचारू लागला तरी खोटं बोलू नये, असं त्यानं १७९७ साली लिहिलं. मी ते वाचून हसलो होतो. असा माणूस आमच्या शाखेत एक दिवस टिकणार नाही. पण त्याच पुस्तकात पुढं होतं, की हा कान्ट आपलं गाव सोडून फारसा कुठं गेला नाही आणि तरी जवळजवळ चाळीस वर्षं भूगोल शिकवत राहिला. आता मला कळलं, तो एवढा कडक का असावा. ज्याला स्वतः जाऊन पाहता येत नाही, त्याला प्रवाशाच्या तोंडावरच सगळं जग उभं करावं लागतं. प्रवाशानं एक थाप मारली की त्याच्या नकाशात एक समुद्र हलतो.

वकीलसाहेबांनी समुद्र शंभरदा पाहिलेला आहे. त्यांना मी काहीही सांगितलं असतं तरी बिघडणार नव्हतं. त्यांच्या खात्यात स्वतःची शिल्लक आहे. सरांची सगळी रक्कम माझ्याकडे ठेव होती. आणि मी त्यांना जे पासबुक दाखवलं त्यात नुसत्या जमेच्या नोंदी होत्या. खर्चाची एकच नोंद होती, हातभर वेलीची, ती मी समुद्राच्या नावे टाकून मोकळा झालो. चोवीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याच्या खात्यात चुकीची रक्कम टाकून मी कधी घरी गेलेलो नाही. आकडा जुळेपर्यंत बसलो आहे.

शनिवारी जळगावला जाऊन आधी टाकीमागे पाहिलं. वेल मेली होती. जळगावच्या उन्हानं नव्हे, ऊन तिला नवं नव्हतं. मी तिला तापीकाठची काळी कसदार माती घातली होती आणि दोन वेळा पाणी. जी नुसत्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात मजेत जगते, ती माझ्या लाडानं मुळाशी कुजली. चोरलेलं रोप जगतं हे शास्त्र बहुतेक मनीप्लांटपुरतंच असावं. तो आपल्या जातीचाच आहे.

सोमवारी संध्याकाळी वाळलेली वेल शाखेतल्या एका जुन्या पाकिटात घालून सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, निदान शिक्षकी पद्धतीनं उभं तरी करतील. त्यांनी वही काढली, आधीची ओळ खोडली आणि एकदम लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, "म्हणजे समुद्र बरोबर होता!"

माझं चुकलं होतं याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला थोडं वाईटही वाटलं. माणूस एवढी तयारी करून कबुली द्यायला जातो, आणि समोरचा समुद्राचं अभिनंदन करतो.

मग म्हणाले, "आता न काढलेले फोटो सांगा." मी सांगितलं. वाळत घातलेल्या मासळीचा वास, सुरूच्या बनातल्या बाटल्या नि पिशव्या, घाटात धाकट्याला झालेल्या उलट्या, पाठमोऱ्या सौ.चं तोंड त्या वेळी कसं होतं ते. सर हसून हसून बेजार झाले. दोनशे बारा फोटोंत त्यांना जेवढा समुद्र दिसला नव्हता, तेवढा बहुतेक त्या अर्ध्या तासात दिसला.

निघताना मी पाकीट उचललं. सर म्हणाले, "राहू दे. पाऊस पडून पांझरेला पाणी आलं की सोडू. पांझरा तापीला मिळते, तापी सुरतेवरून अरबी समुद्राला. ज्याचं त्याला पोचेल."

मी कारकुनी शंका काढली, "सर, मध्ये उकाईचं धरण आहे."

"असू दे. टपाल उशिरा पोचतं," सर म्हणाले, "तुमच्या अण्णांना विचारा."

पाकीट सध्या सरांच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळीवर आहे. वर मी सवयीनं लिहिलं आहे : 'येणे बाकी'. सरांनी ते खोडून 'देणे' केलं आहे.