निर्माल्याची पिशवी

गाडीच्या डिकीत दोन ट्यूब, एक चटई, पोळ्यांचा डबा, बटाट्याची सुकी भाजी, पंचात बांधलेलं दहीभाताचं पातेलं, सात जणांचे बदलायचे कपडे आणि आजीची एक कापडी पिशवी. पिशवीत काय आहे हे पिरंगुट येईपर्यंत कुणी विचारलं नाही. मग झेंडूचा जुना, आंबूस वास पुढच्या सीटपर्यंत पोचला. वहिनीनं विचारलं तेव्हा आजीनं शांतपणे सांगितलं, "निर्माल्य आहे. दीड महिन्याचं. वाहत्या पाण्यात सोडायचंय."

मी म्हटलं, "आजी, आपल्या घरापासून नदी दोन मिनिटांवर आहे."

"ती काय नदी आहे?" आजी म्हणाली. "तिच्यात देवाची फुलं टाकू?"

जानेवारीतला रविवार होता. त्या दिवसापासून आजीचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. वाक्य चुकीचं आहे असं मला तेव्हा लगेच वाटलं. का चुकीचं आहे, हे सांगता येईना. अजूनही पूर्ण येत नाही, पण प्रयत्न करते.

आमचं घर शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या मागच्या अंगाला. देवळाच्या आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे आणि पलीकडे मुठा. आजोबा याच घाटावर पोहायला शिकले, पाठीला सुकलेला भोपळा बांधून. बाबा टिळक तलावात शिकले. मी एका सोसायटीच्या क्लोरीनवाल्या टँकमध्ये शिकले, तासाचे पैसे भरून. आणि माझी आठ वर्षांची भाची त्या दिवशी पहिल्यांदा वाहत्या पाण्यात उतरणार होती, त्यासाठी आम्ही ४० किलोमीटरच्या आसपास गाडी चालवत निघालो होतो. एका कुटुंबानं नदीत डुंबायला किती लांब जावं लागतं, ते दर पिढीला मोजत गेलं तर शहराचा एक वेगळाच इतिहास हाती येईल. आमच्या घरातला आकडा दोन मिनिटांवरून दीड तासावर गेला आहे. ट्रॅफिक लागला तर दोन.

गंमत म्हणजे आम्ही निघालो होतो ते मुठेकडेच. लवासाच्या रस्त्यानं घाट उतरून मुठा खोऱ्यात गेलं की टेमघर धरणाच्या खाली हीच नदी दगडगोट्यांतून वाहते. पुढे सांगरूणला तिला आंबी आणि मोसी मिळतात, मग खडकवासल्याचं धरण. तिथपर्यंत ती नदी असते. धरणाच्या भिंतीशी तिचं पाणी कालव्यात आणि पाइपात जातं, आपल्या नळाला येतं, आपण ते वापरतो आणि वापरून झालेलं पाणी पुन्हा त्याच पात्रात सोडतो. पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रात दिसतं ते मुख्यतः हेच पाणी. म्हणजे भिडे पुलावरून तुम्ही नाकाला रुमाल लावून जाता तेव्हा ज्या पाण्याचा वास येतो, ते काल सकाळी कुणाच्या तरी बादलीत होतं. बहुधा आपल्याच.

आमच्या पेठांचं नदीशी नातं तसं जुनं आणि अवघड. पेशव्यांच्या काळात पिण्याचं पाणी इथे कात्रजच्या तलावातून नळानं हौदांमध्ये यायचं. नदी होती ती घाटांसाठी, स्नानासाठी, अंत्यसंस्कारांसाठी. आणि मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि नदी घरात आली. आजीचं लग्न होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तिच्या लग्नातला एक शालू अजून कपाटात आहे, त्याच्या काठात चिखलाची पिवळट रेघ आहे. तिनं तो कधी नेसला नाही आणि टाकलाही नाही. त्यामुळे 'ती काय नदी आहे' हे वाक्य निव्वळ नाक मुरडून बोललेलं नाही, हे मला माहीत आहे. त्यात थोडी भीती आहे, थोडा रागही असावा.

असो. पोचलो. दादानं आधी गावातल्या एका काकांना विचारलं, कुठे उतरावं. त्यांनी काठीनं दाखवलं: तो जांभळाखाली डोह आहे, तिकडे जायचं नाही, इकडे उथळात खुशाल बसा. हे विचारणं आमच्या घरात सक्तीचं आहे. ३० जून २०२४ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो फॉरवर्ड करणाऱ्यांतले निम्मे पुढच्याच रविवारी लोणावळ्यात असतील असं मला तेव्हा वाटलं होतं. आम्ही पावसाळ्यात पाण्याच्या वाटेला जात नाही. बाकी शहाणपणाचा दावा नाही.

पाणी गार होतं. इतकं गार की भाचीनं आधी किंकाळी मारली आणि मग बाहेर यायला नकार दिला. पायाखाली गोटे दिसत होते. लहान मासे घोट्याला तोंड लावत होते. बाबा, जे एरवी सोफ्यावरून हलत नाहीत, ते छातीइतक्या पाण्यात उताणे तरंगत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. आईनं साडी पोटरीपर्यंत खोचून खडकावर बसकण मारली. दोन तास कुणी फोन बघितला नाही, रेंज नव्हती हेही खरं.

जेवणं झाली आणि आजी पिशवी घेऊन काठाशी गेली.

थोडं खालच्या बाजूला एक बाई कपडे धूत होत्या. त्यांनी हात थांबवला. "आज्जी, हितं नगा टाकू ते. खाली आमच्या गावाची हीर हाय."

आजी म्हणाली, "अगं, फुलंच आहेत. देवाची आहेत."

"व्हय. पर तुमच्याकडं बी नदी हाय की." एवढं बोलून बाई पुन्हा कपडे आपटू लागल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आजी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि पिशवी घेऊन परत आली.

परतीच्या वाटेवर गाडीत कोर्ट भरलं. बाबांचा मुद्दा हिशेबाचा होता: किलोभर फुलं, त्यानं एवढ्या नदीला काय होणार? दोन दिवसांत कुजतील. वहिनीचा मुद्दा तात्त्विक होता: त्या बाई स्वतः साबणाची पावडर टाकून कपडे धूत होत्या, मग आपल्याला सांगण्याचा त्यांना काय अधिकार? हे दोन्ही मुद्दे आपण रोज वापरतो, म्हणून दोन्हीपाशी थोडं थांबते.

बाबांच्या मुद्द्याला इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात हात घातला आहे. त्यांचं एक उदाहरण असं: वाळवंटात हजारो जखमी माणसं तहानेनं तडफडताहेत. तितकीच दुसरी माणसं आहेत, प्रत्येकाकडे अर्धा-पाऊण लिटर पाणी आहे. प्रत्येकानं आपलं पाणी एका टाकीत ओतायचं आणि ती टाकी जखमींकडे जाणार. मी माझं पाणी ओतलं नाही तर? प्रत्येक जखमीच्या वाट्याला एक थेंब कमी येईल. एका थेंबानं कुणाची तहान कमी-जास्त झाल्याचं कुणालाच कळणार नाही. मग मी ओतलं काय, नाही ओतलं काय? पण सगळ्यांनी असाच विचार केला तर टाकी कोरडी. पारफिट म्हणतात की परिणाम जाणवत नाही म्हणून तो नाहीच, असं समजणं ही नैतिक गणितातली चूक आहे. आपण सगळे मिळून काय करतो आहोत, हेही विचारायला हवं. मुठेचं गटार कुणा एकानं केलेलं नाही. ते करताना कुणालाच काही जाणवलं नाही, आणि म्हणूनच ते इतक्या सहज झालं.

बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण कशाला घाबरायचं, केलं सगळ्यांनी मिळून." पारफिटकडे याचं उत्तर असेल. माझ्याकडे गाडीत नव्हतं.

वहिनीचा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो. सांगणारा स्वतः धुतल्या तांदळासारखा नसेल तर त्याचं सांगणं खोटं ठरतं का? तर्कानं नाही ठरत. सिगारेट ओढणारा डॉक्टर सिगारेट वाईट म्हणाला तर ती वाईटच असते. पण इथे आणखी एक गोष्ट आहे. त्या बाई ज्या पाण्यात साबण घालतात, त्याच पाण्याच्या काठच्या विहिरीतून त्या पितात. त्यांचं चुकत असेल तर त्याचा भुर्दंड त्यांच्याच हंड्यात येतो. आम्ही फुलं सोडून दीड तासात घरी गेलो असतो. दोन्ही कृती वरून सारख्या दिसतात, पण भरपाई कोण करतं यात फरक आहे. हा फरक माझ्यासाठी पुरेसा आहे.

आता आजीच्या वाक्याकडे. आमच्या घरात पूजेचं पाणी वेगळ्या कळशीत असतं, आणि अंघोळीशिवाय त्या कळशीला हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा लावला आणि बोलणी खाल्ली. कळशी ओतून, घासून पुन्हा भरली गेली. ओतलेलं पाणी मोरीतून गेलं, मोरीतून गटारात, गटारातून नदीत. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. म्हणजे आमच्याकडे पाणी कशानं बिघडतं? हातानं. मैल्यानं बिघडतं हे शाळेच्या पुस्तकात होतं, पण ते आतपर्यंत उतरलं नाही.

याची मोठी आवृत्ती महाडला घडली. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात बुडवून. आज शाळकरी मूलही सांगेल की त्या दिवशी तळ्यात घाण कुणी टाकली. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो वाडा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मी तिथे पहिल्यांदा गेले ते कॉलेजात असताना, प्रोजेक्टसाठी. गावोगावी नदीवर पाणवठ्यांची उतरंड असायची, वर कोण आणि खाली कोण हे जन्मानं ठरायचं. खालच्यानं वरच्याचं धुतलेलं पाणी घ्यायचं. वरच्याला खालच्याचा स्पर्शही नको.

आजी तशी नाही, असं मी लगेच लिहायला घेतलं होतं. मग खोडलं. आजी प्रेमळ आहे, तिनं आयुष्यात कुणाला पाण्यावाचून परत पाठवलेलं नाही. पण 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे शब्द तिच्या आणि माझ्याही मनात वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत, आणि तो कप्पा कुणी बांधला हे माहीत असताना ते न सांगणं बरं नाही. शुद्ध पाणी म्हणजे आपल्या वस्तूला शोभेल असं पाणी. आपली वस्तू पडल्यावर त्या पाण्याचं आणि ते पिणाऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न त्या शब्दात नाही. स्वच्छ म्हटलं की तो प्रश्न लगेच येतो.

आणि आपण सगळेच कुणाच्या तरी वरच्या बाजूला राहतो. शनिवार पेठेच्या खाली संगमावर मुठेला मुळा मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते, भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. उजनीखाली तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. आषाढी वारीत माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा आमच्या गल्लीतले लोक वारकऱ्यांना केळी वाटतात, राजगिऱ्याचे लाडू वाटतात, पाय चेपून देतात. मी स्वतः वाटले आहेत आणि ते मनापासून होतं. माउलींबरोबरचे वारकरी पुढे दिवे घाटानं जातात. नदी दुसऱ्या वाटेनं जाते, आपण तिच्यात जे सोडलं ते घेऊन, आणि दोघेही पंढरपूरला पोचतात. मध्ये धरण आहे, शेकडो किलोमीटर आहेत, इतर नद्यांचं पाणी मिसळतं, काही मैलापाणी शुद्धही होतं, सगळं होत नाही. तेव्हा तेच पाणी जसंच्या तसं पोचतं असं नाही. पण नातं तेच आहे, जे त्या दिवशी आमचं आणि त्या कपडे धुणाऱ्या बाईंचं होतं. फरक एवढाच की चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून कुणी आपल्याला 'हितं नगा टाकू' म्हणालं तर ते ऐकू येत नाही.

मग करायचं काय? एका घरानं निर्माल्य टाकणं थांबवून मुठा पोहण्याजोगी होणार नाही. त्याला शुद्धीकरण केंद्रं लागतात, पैसा लागतो, महापालिकेला सतत प्रश्न विचारणारी माणसं लागतात. नदीकाठ सुशोभित करून तर नक्कीच होणार नाही. बाक कितीही छान असले तरी वास येतोच. पण मोठं काम दुसऱ्याचं आहे म्हणून लहान काम माफ होतं, असंही मला म्हणता येत नाही. पुन्हा ती टाकी आणि तो थेंब.

खोऱ्यातून परतताना भाची झोपली होती, केस ओले. शहरात शिरल्यावर जागी झाली. पुलावर सिग्नलला थांबलो, तर तिनं काच खाली केली आणि लगेच वर घेतली. "आत्या, ही कुठली नदी?"

मी म्हटलं, "सकाळचीच."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिनं आजीकडे बघितलं. आजी पिशवी मांडीवर घेऊन बाहेर पाहत होती. सिग्नल सुटला.

ती पिशवी मग आमच्या गॅलरीत खुंटीला अकरा दिवस लटकत होती. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, आणि नदीत टाकायचं तर कुठल्या? मी कुंडीत खत करू म्हणून सुचवलं, तेव्हा आजी म्हणाली, "बघू." बाराव्या दिवशी सकाळी पिशवी धुऊन दोरीवर वाळत होती. आजीला मी काही विचारलेलं नाही. तुळशीच्या कुंडीतली माती थोडी वर आल्यासारखी वाटते, पण ते माझ्या मनाचंही असेल.