ऋषिऋण आणि शिक्षकाचे स्मरण

माणूस जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना वैदिक वाङ्मयाइतकी जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत अशी तीन ऋणे सांगितली आहेत. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूपाशी राहून केलेल्या अध्ययनाने. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे ऋण घातले, ते माणसांचे. दारी आलेल्याला अन्न आणि आसरा देऊन ते फेडायचे. निवृत्तीनंतरही गावाच्या उपयोगी पडत राहिलेला एखादा शिक्षक जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांवर यांतली दोन ऋणे एकदम उभी राहतात : त्याने शिकवल्याचे आणि तो माणसांना धावून गेल्याचे. ती स्मरणाने फिटतात का, आणि फिटत असतील तर कोणत्या स्मरणाने?

धर्मशास्त्राने शिक्षकाला घरच्या माणसाच्या जवळ बसवले आहे. आचार्य वारले तर शिष्याने तीन रात्री अशौच पाळावे, असे मनुस्मृती सांगते. भाद्रपदातल्या महालय श्राद्धात पितरांबरोबर गुरू आणि आचार्य यांचेही नाव घेतले जाते. रक्ताचे नाते नसलेल्या माणसासाठी पिंड ठेवायचा, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही श्राद्धाची मांडणी जवळून पाहिली की वेगळेच काही दिसते. कुळातल्या पूर्वजांपैकी पिंड मिळतो तो फक्त बाप, आजा आणि पणजा यांना. त्यापलीकडच्या तीन पिढ्यांना स्वतंत्र पिंड नाही. पिंड देऊन झाले की कर्त्याच्या तळहाताला भाताचा चिकट लेप राहतो. तो हात तो पिंडांखाली अंथरलेल्या दर्भांवर पुसतो आणि त्या पुसलेल्या लेपात जुन्या तिघांचा वाटा असतो. म्हणून त्यांना लेपभागी म्हणतात. घरात नवा मृत्यू होऊन सपिंडीकरण झाले की नवे नाव पहिल्या जागी येते, बाकीचे एकेक पायरी मागे सरकतात आणि पणजा लेपभाग्यांत जातो. विसरण्याची सोय विधीतच केलेली आहे. यात पितरांचा अनादर नाही. नाव कायम टिकावे अशी अपेक्षाच श्राद्धाने धरलेली नाही, आणि ही त्याची फार मोठी समज आहे.

ऋषिऋणाचा हिशेब याहून निराळा. तिथे मृताला काही पोचवायचे नसते. त्याच्याकडून जे मिळाले ते पुढे द्यायचे असते. शतपथ ब्राह्मण अध्ययन केलेल्या माणसाला ‘निधिगोप’ म्हणते, म्हणजे ऋषींच्या ठेव्याचा राखणदार. हा ठेवा कुलपात राहत नाही. तो राखायचा तर शिकवावाच लागतो. वारकऱ्यांनी संतांच्या पुण्यतिथीला जे रूप दिले, त्यात हीच जाण दिसते. तुकाराम बीज किंवा एकनाथ षष्ठी हे दिवस देह ठेवल्याचे, पण त्या दिवशी शोक नसतो, सोहळा असतो. पारायण होते, कीर्तन होते, म्हणजे त्या संताचे शब्द पुन्हा एकदा नव्या कानांवर पडतात.

धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य ऋण कशाने फिटते या प्रश्नाला नेमके भिडते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी 1891 पासून गणित शिकवले आणि 1914 मध्ये ते निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय 56 होते. पुढच्या दोन वर्षांत महिला विद्यापीठ उभे राहिले. 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे ती काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले आणि वर्गणीसाठी ते स्वतः दारोदार फिरले. 1944 मध्ये समता संघ काढला, तेव्हा ते 85 वर्षांचे होते. बहुतेक माणसे ज्या वयात स्वतःची उस्तवार करून घेतात, त्या वयात हा माणूस लोकांच्या ओट्यावर बसून मुलांच्या शाळेसाठी पैसे मागत होता.

याच कर्व्यांनी 1908 मध्ये निष्काम कर्म मठ स्थापला होता. त्यांच्या संस्थेच्या कामाला आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. इथे खरी तात्त्विक अडचण उभी राहते. फळाची आस सोडून केलेल्या कर्माचे कौतुक करणे म्हणजे कर्त्याने नाकारलेले फळ त्याच्याच पदरात घालणे नव्हे का? कीर्ती हेही फळच आहे. यावर उत्तर असे की गीतेने सोडायला सांगितली ती कर्त्याची आसक्ती. ऋणकोचे कर्तव्य तिने माफ केलेले नाही. देणारा विसरला म्हणून घेणाऱ्याने विसरायचे नसते.

मात्र स्मरण कशाचे, याला फार महत्त्व आहे. शोकसभेत ‘देवमाणूस’ हा शब्द हमखास येतो. तो प्रेमाने येतो, पण त्याने ऐकणाऱ्याची सुटका होते. देवासारखे वागण्याची जबाबदारी कोणी कोणावर टाकत नाही. गेलेल्या शिक्षिकेने कोणत्या वस्तीतल्या मुलींना संध्याकाळी घरी बोलावून त्रैराशिक शिकवले, कोणाचा अर्ज भरून दिला, हे सांगितले की ते काम आता कोण करणार हा प्रश्न सभेत आपोआप उभा राहतो. तेराव्याचा खर्च वाचवून शाळेला पुस्तके देणारी घरे महाराष्ट्रात आहेत. त्यांना ऋषिऋण नीट कळले आहे.

कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा कोकणातल्या त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या आईच्या घरीही त्यांना मोकळेपणाने राहता येईना. त्या गावासाठी त्यांनी आधीच ‘मुरूड फंड’ उभारला होता. 1900 मध्ये विधवांसाठी काढलेला त्यांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला आणि कॉलेजातले तास संपवून ते तिथवर पायी जात. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. रोज हजारो माणसे बसच्या पाटीवर हे नाव वाचतात आणि त्यांतल्या अनेकांना त्यामागचा माणूस ठाऊक नसतो. ते नाव लेपभाग्यांच्या वाटेला लागले आहे. त्याच परिसरात, त्यांनी काढलेल्या संस्थेच्या वर्गांत, मुली अजून शिकत आहेत.