मुद्दल जागच्या जागी

गिरगावातून ट्राम धावत होती त्या काळची गोष्ट. ठाकूरद्वारजवळच्या एका चाळीत तळमजल्यावर एक काकू खानावळ चालवायच्या. मोठी पातेली घ्यायला त्यांनी एका शेठकडून तीनशे रुपये उचलले होते, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. दर पहिल्या तारखेला भात उतरवला की पदराला हात पुसत त्या सहा रुपये पोचते करत. एकदाही खाडा नाही.

पन्नास महिने झाले. काकू म्हणाल्या, "शेठ, तीनशे पुरे झाले. आता चिठ्ठी फाडा."

शेठने चोपडी उघडली. "बाई, हे सगळं व्याजात गेलं. मुद्दल जागच्या जागी आहे."

(घराच्या कर्जाचे सुरुवातीचे हप्ते भरणाऱ्यांना आजही बँकेचा उतारा बघून असाच धक्का बसतो. त्यांच्या हप्त्यात निदान थोडं तरी मुद्दल असतं.)

काकूंनी तडक माडी गाठली. तिथे हायकोर्टात कारकुनी केलेले अण्णा राहत. "अण्णा, दामदुपटीचा कायदा आहे ना? मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही म्हणतात."

"आहे, आणि मुंबईत तो चालतोही. पण तो थकलेल्या व्याजाला. एका वेळी मुद्दलाहून जास्त थकबाकी मागता येत नाही, एवढंच. तुम्ही थकवलंत कुठे? भरलेलं व्याज त्यात धरत नाहीत."

वेळच्या वेळी भरणाऱ्याच्या वाट्याला कायद्याचा आधार कमीच, हे चमत्कारिकच म्हणायचं.

"मग इतके दिवस मी फेडलं काय?"

"काही नाही. शेठचे पैसे वापरल्याचं भाडं भरलंत. काकू, व्याज भरलं म्हणजे कर्ज फिटलं असं नाही. मुद्दल उतरेल तेवढंच कर्ज उतरतं. व्याजावर चार पैसे जास्त द्या आणि ते मुद्दलात जमा लिहून घ्या."

भाद्रपदात उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आल्या. त्या महिन्यात काकूंनी एकतीस रुपये मोजले: सहा व्याजाचे, पंचवीस मुद्दलाचे. पुढच्या महिन्याचं व्याज साडेपाच झालं. काकूंनी तरीही सहाच पुढे केले.

"आठ आणे जास्त आहेत, बाई."

"मुद्दलात टाका."

"एवढी घाई कसली? मुद्दल राहू द्या की सावकाश. मी कुठे मागतोय?"

"तुम्ही मागत नाही, तेच कळलंय मला," काकू म्हणाल्या. "लिहा."