मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

१९४५च्या मे महिन्यात डॉ. लिओ कॅनर अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एका कुळाच्या शेतावर गेले. कॅनर हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला होता आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, जगाला ठाऊक झाली ती मुख्यतः त्या निबंधामुळे. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी संस्थाचालकांचं न ऐकता त्याला घरी आणलं, आणि पुढे १९४२मध्ये घरापासून दहा मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं. कॅनर त्यालाच बघायला आले होते.

डोनाल्डला मोजण्याचा नाद होता. त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली हे सांगायचं काम त्याच्याकडेच दिलं. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करून आणायचा. त्यांना पुरायला त्याला शेतातली एक जागा नेमून दिली. तिथे तो प्रत्येक जिवाच्या नावाची पाटी लावी. आधी एखादं नाव, मग प्राण्याची जात, मग त्या शेतकऱ्याचं आडनाव. जन्मतारीख अज्ञात, मृत्यूची तारीख म्हणजे तो जीव सापडला तो दिवस. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे, तेव्हा त्याला सांगितलं, मोज, पण नांगरता नांगरता मोज. कॅनर तिथे असताना त्या अकरा वर्षांच्या पोराने घोडा नीट वळवत सहा लांबलचक ओळी नांगरून दाखवल्या. त्या जोडप्याच्या शहाणपणाने आपण थक्क झालो, असं कॅनरनी पुढे लिहून ठेवलं आहे.

किड्यामुंग्यांच्या पाट्यांवर त्या शेतकऱ्याने आपलं आडनाव लावू दिलं, हे मला फार मोठं वाटतं. मुलाचं मोजणं बंद करायचं, त्याला चारचौघांसारखं वागायला लावायचं आणि मग आपल्यात घ्यायचं, असा क्रम त्यांनी लावला नाही. आधी आपल्यात घेतलं. मग त्याचं मोजणं शेतात कुठे बसतं ते शोधलं. स्वमग्न मुलाला आपल्या रीतीचं बोलायला शिकवण्यात आपण वर्षंच्या वर्षं आणि हजारो रुपये घालतो. ते शिकवणं गरजेचं आहे, त्याने मुलांचं भलंही होतं. पण त्या मुलाची रीत शिकायला आपण, म्हणजे शेजारी, मास्तर, काका-मामा, किती वेळ दिला, हा प्रश्न आपल्याकडे कोणी कोणाला विचारत नाही.

स्वमग्नता हा औषधाने उतरणारा आजार नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते, आणि ती आयुष्यभर तशी राहते. मात्र एका स्वमग्न माणसावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. कोणी अस्खलित बोलतो, इंजिनीअर होतो, आणि ऑफिसातल्या चहाच्या गप्पांत मात्र गांगरून जातो. कोणी तिशी ओलांडली तरी एकही शब्द उच्चारत नाही आणि त्याला आंघोळीपासून जेवणापर्यंत माणूस लागतो. लहानपणी दिसणाऱ्या खुणा तशा साध्या असतात. हाक मारली तर मूल वळत नाही. चंद्र दिसला, कुत्रं दिसलं तर बोट दाखवून आईला सांगत नाही. बिस्किट हवं असेल तर आईचा हात धरून तिला डब्यापाशी नेतं. घरात वडीलधारी म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. या एका वाक्यापायी कितीतरी घरांत मदत मिळण्याची दोन-तीन मोलाची वर्षं निघून जातात.

मूल बोलायला लागलं तरी त्याचं बोलणं पुष्कळदा आपल्याला अर्थहीन वाटतं. ऐकलेली वाक्यं ते जशीच्या तशी म्हणतं. माझ्या ओळखीतला एक मुलगा बाहेर पाहुणे जमले की मध्येच लोकलमधल्या घोषणेच्या सुरात म्हणतो, ‘पुढील स्टेशन दादर.’ लोक हसतात, कौतुकाने त्याला आणखी स्टेशनं विचारतात. त्याची आई मात्र उठते आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन जाते. एकदा गर्दीच्या गाडीत तो घाबराघुबरा झाला होता आणि दादर आल्यावर त्याची सुटका झाली होती. तेव्हापासून या वाक्याचा अर्थ एकच, मला इथून बाहेर काढा. पाहुणे स्टेशनं विचारत राहिले, तर पुढच्या पाच मिनिटांत तो स्वतःच्या मनगटाला चावतो. मग सगळे म्हणतात, अचानक काय झालं याला? अचानक काहीच झालेलं नसतं. त्याने आधी सांगितलेलं असतं.

कॅनरच्या नोंदींत अशी उदाहरणं आहेत. डोनाल्डचे वडील त्याला म्हणाले होते, ‘हो’ म्हण, म्हणजे तुला खांद्यावर घेतो. त्यानंतर कितीतरी महिने डोनाल्डच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच होता. आणखी एक मुलगा काहीही फेकण्याचा मोह झाला की, कुत्रं गच्चीतून टाकायचं नाही, असं स्वतःला बजावायचा. आसपास कुत्रंही नसायचं आणि गच्चीही. तीन वर्षांपूर्वी त्याने हॉटेलच्या गच्चीतून खेळण्यातलं कुत्रं फेकलं होतं, तेव्हा आई त्याला ते वाक्य म्हणाली होती. ज्याला हा मागचा प्रसंग ठाऊक, त्याला वाक्य कळतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती बडबड. म्हणजे अर्थ मुलाच्या बोलण्यात असतोच, आपल्याला त्याचा आगापीछा माहीत नसतो.

उलट आपलं बोलणं त्यांना किती बुचकळ्यात टाकत असेल! ‘जरा थांब’ म्हणजे किती वेळ, हे आपण कधी सांगत नाही. पाहुणे ‘येतो हं’ म्हणून निघून जातात आणि मूल दाराशी वाट बघत उभं राहतं.

बोलण्याइतकाच मोठा भाग इंद्रियांचा आहे, आणि त्याची दखल आपण सर्वांत कमी घेतो. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, गणवेशाच्या कॉलरमागे टोचणारी पट्टी, वरणात मिसळलेल्या भाताचा स्पर्श. आपला मेंदू यांतलं बरंचसं मागे ढकलतो. अनेक स्वमग्न माणसांना ते तसं मागे ढकलता येत नाही, सगळं एकाच जोराने अंगावर येतं. म्हणून रोजचा तोच रस्ता, तीच ताटली, तोच क्रम लागतो. जग एवढं अनावर असताना ठरलेला क्रम हा एकच आधार असतो. रिक्षावाल्याने खोदकामामुळे दुसऱ्या गल्लीतून रिक्षा घातली की तो आधार जातो. मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की मूल कान दाबून जमिनीवर आडवं होतं, किंचाळतं, आणि सगळ्या माना आईकडे वळतात. हा हट्ट नव्हे. हवं ते मिळालं की हट्ट थांबतो. हा प्रकार थांबतो तो आवाज, उजेड आणि माणसं कमी केल्यावर. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असलेल्या कुटुंबांना हे दहा दिवस कसे जातात, हे मंडळांनी एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारावं असं मला मनापासून वाटतं. मिरवणूक किती वाजता दारावरून जाणार हे आदल्या दिवशी कळवलं, तरी त्या घराला मुलाला घेऊन वेळेवर बाहेर पडता येईल.

स्वमग्न माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२मध्ये त्याला हरकत घेतली. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचं म्हणणं असं की न कळणं दोन्हीकडून आहे. त्यांना आपलं मन वाचता येत नाही हे खरं, पण आपल्याला तरी त्यांचं कुठे वाचता येतं? फक्त आपण संख्येने जास्त, म्हणून दोष त्यांच्या पदरात. पुढे २०२०मध्ये संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी याची एक साधी परीक्षा घेतली. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत जायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती गोष्ट बाकीच्यांच्या साखळीइतकीच चांगली पुढे गेली. दोन्ही प्रकारची माणसं एकत्र बसवली तिथे ती अधिक लवकर विरत गेली. स्वमग्न माणसं एकमेकांशी नीट संवाद करू शकतात, हे यातून दिसलं. अडतं ते आपल्या आणि त्यांच्या मध्ये, आणि तिथे निम्मी बाजू आपली आहे.

दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची आपली घाई जुनी आहे. १९४३च्या निबंधात कॅनरनी ही अवस्था जन्मजात असल्याचं म्हटलं, पण त्याच निबंधात आईवडिलांच्या थंडपणाविषयीही लिहिलं. बालमानसतज्ज्ञ म्हणून गाजलेल्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७मध्ये त्यावर अख्खं पुस्तक रचलं आणि आयांच्या एका पिढीला गुन्हेगार ठरवलं. वास्तविक बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४मध्येच या समजावर घाव घातला होता. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६९मध्ये कॅनरनी पालकांच्या सभेत जाऊन त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. आपल्याकडे मात्र तो खटला अजून चालू आहे. आई नोकरी करते म्हणून, हातात मोबाइल दिला म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून. लसीमुळे होतं असा दावा १९९८मधल्या ज्या शोधनिबंधामुळे पसरला, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला, तरीही तो दावा व्हॉट्सअॅपवर फिरतोच आहे. आधीच रात्र रात्र न झोपणारं मूल सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यावर हे ओझं ठेवणं मला अनैतिक वाटतं, मग ते कितीही काळजीच्या सुरात ठेवलेलं असो.

मी या मुलांचं उगाच गोड चित्र काढू इच्छित नाही. काही घरांत मूल भिंतीवर डोकं आपटतं, उघड्या दारातून पळून जातं, वयात आल्यावर वडिलांनाही आवरत नाही. तिथे उपचार, औषधं, प्रशिक्षित माणसं लागतात आणि आईवडिलांना विश्रांतीही लागते. पण आजूबाजूच्या माणसांमुळे किती फरक पडतो याचा पुरावा कॅनरच्याच अकरा मुलांत आहे. १९७१मध्ये कॅनरनी त्या मुलांचा माग काढला. जी मुलं सरकारी मनोरुग्णालयांत गेली ती जवळजवळ विझून गेली होती. तिथे दाखल होणं ही जन्मठेपच ठरली, असं खुद्द कॅनरनी लिहिलं. डोनाल्डने मात्र महाविद्यालयातून फ्रेंच विषयात पदवी घेतली, गावच्या बँकेत नोकरी केली, सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला. तो भेटणाऱ्या माणसांना आकडे देई, आणि गावातल्या लोकांना आपापला आकडा पाठ असे. २०२३मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो वारला. बँक त्याच्या आईच्या घराण्याची होती आणि वंशभेद पाळणाऱ्या मिसिसिपीत तो गोऱ्या कुटुंबातला होता, हे विसरून चालणार नाही. गरिबाच्या किंवा काळ्या घरातल्या मुलाला हे गाव असं लाभलं असतं, असं मला वाटत नाही. म्हणूनच चांगल्या शेजाऱ्याच्या जोडीला कायदा लागतो.

कायदा आपल्याकडे आहे. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नतेचं नाव घेतो, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आहे. तरी ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर शाळांच्या दारात रोज दिलं जातं. साधनंही आहेत. न बोलणाऱ्या मुलाने चित्रावर बोट ठेवलं की यंत्राने ते बोलून दाखवावं यासाठी मुंबईच्या आयआयटीत ‘जेलो’ हे अॅप तयार झालं आहे. अॅप वापरलं तर मूल बोलायचं राहील, ही भीती खोटी आहे. चित्रांच्या मदतीने बोलणं अडत नाही, काही मुलांत ते वाढतंही. पण वर्गात मुलाने चित्रावर बोट ठेवेपर्यंत थांबायला बाईंकडे आणि वर्गमित्रांकडे अर्धं मिनिट हवं. ते कोणत्याही कायद्याने मिळत नाही.

या मुलांचे आईवडील चाळिशीपासून एकच गोष्ट बोलत असतात, आमच्या माघारी याचं काय? मूल अठरा वर्षांचं झालं की राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि तो वेळेवर करावा. पण कागदावरच्या पालकाखेरीज वाण्याला, वॉचमनला, समोरच्या बिऱ्हाडाला, जिन्यात भेटणाऱ्या मुलांनाही ते माणूस कळलेलं असायला हवं. कोणतं वाक्य कशासाठी, कोणत्या आवाजाने त्रास होतो, बिथरला तर हात लावायचा की लांब उभं राहायचं, कोणाला फोन करायचा, हे सगळं आज बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात आहे. तिने ते वहीत लिहून काढावं. शेजारच्या चार घरांनी ती वही आपण होऊन मागून घ्यावी आणि वाचावी. ही सुरुवात शेजाऱ्यांनी करायची आहे, कारण ती बाई आजवर डॉक्टरांच्या, शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पुष्कळ दारांत उभी राहून आलेली आहे.