खोचलेले पिस्तूल

प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू. चेंडू झेलणे हेच त्याचे काम. फेब्रुवारी २००८मध्ये सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटात त्याने घेतलेल्या झेलाने न्यूयॉर्क जायंट्स विजेते ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर मॅनहॅटनमधल्या लॅटिन क्वार्टर या नाइट क्लबात त्याच्या उजव्या मांडीत गोळी घुसली, आणि ती त्याच्याच पिस्तुलाची होती. ग्लॉक बनावटीचे ते पिस्तूल त्याने सैल विजारीच्या कमरेत नुसते खोचले होते. ते पायावरून घसरू लागले, त्याने ते पकडायला हात घातला आणि पकडताना चाप दाबला गेला. निसटती वस्तू हवेतच पकडण्यासाठी ज्याला लाखो डॉलर मिळत होते, त्याने सवयीप्रमाणे निसटती वस्तू पकडली, एवढेच.

पुढे जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी परवान्याची. बरेसचा फ्लोरिडातला परवाना संपलेला होता, न्यूयॉर्कचा तर नव्हताच. विनापरवाना भरलेले पिस्तूल बाळगल्याबद्दल त्या राज्यात किमान साडेतीन वर्षांची कैद होती. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहीरपणे कठोर कारवाईची मागणी केली. अखेर तडजोडीने गुन्हा कबूल करून बरेसने दोन वर्षांची शिक्षा घेतली आणि जून २०११मध्ये तो सुटला. कायद्याच्या बाजूने पाहिले तर प्रकरण तिथे संपते. पण समजा, परवाना खिशात असता, तोही न्यूयॉर्कचा, शिक्क्यासह, तरी गोळी मांडीतच गेली असती. शस्त्र कोणाकडे असावे यावर आपण तावातावाने बोलतो. ते अंगावर कसे असावे हा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या जिवाशी या दुसऱ्या प्रश्नाचा संबंध कमी नाही. भरलेले पिस्तूल होल्स्टरशिवाय, म्हणजे अंगाला बांधायच्या म्यानाशिवाय, बाळगणारा माणूस कितीही सज्जन, परवानाधारक आणि अनुभवी असो, तो शेजारी उभ्या असलेल्यांना न विचारता त्यांच्या जिवाची जोखीम घेत असतो.

यामागचे यंत्र समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. गास्टन ग्लॉकचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२मध्ये स्वीकारले आणि पाहता पाहता जगभरच्या पोलिसांच्या कमरेला ते किंवा त्याच्या धर्तीवरचे दुसरे पिस्तूल आले. त्याला बाहेरून अंगठ्याने फिरवायचा सेफ्टीचा खटका नाही. सुरक्षिततेच्या तीन सोयी आहेत, पण एक चापातच आणि दोन आत. पिस्तूल खाली पडले, आपटले, तर काडतुसावर आदळणारी पिन त्या सोयी अडवून धरतात. चाप ओढला की मात्र तिन्ही ओळीने बाजूला होतात. चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर आणि सेंटिमीटरभराहून थोडे अधिक अंतर लागते. ओढणारे बोट आहे, जॅकेटची लोंबती दोरी आहे की शर्टाचे चुरगळलेले टोक, हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणजे रचनेतच असे गृहीत धरले आहे की गोळी झाडायची वेळ येईपर्यंत चापाला काहीही शिवणार नाही. ती हमी पिस्तूल स्वतः देत नाही, होल्स्टर देते. त्या अर्थाने होल्स्टर हा पिस्तुलाचा शेवटचा सुटा भाग आहे, आणि त्याच्याशिवाय विकत घेतलेले पिस्तूल अर्धवटच घेतलेले असते.

होल्स्टरचे पहिले काम चापाभोवतीचे सगळे कडे कडक भिंतीने झाकणे. मऊ कापडाने ते होत नाही, कारण कापडावरूनही चाप दाबता येतो. दुसरे काम, धावताना, वाकताना, जिना उतरताना पिस्तूल जागचे हलू न देणे. तिसरे काम जरा कमी लक्षात येते. हात नेहमी त्याच जागी, त्याच कोनात मुठीवर पडला पाहिजे आणि उपसताना बोट चापाबाहेर राहिले पाहिजे. वर्षानुवर्षे वापरून लुळे पडलेले चामड्याचे होल्स्टर यातले एकही काम नीट करत नाही. त्याच्या तोंडाची कड आत दुमडते आणि पिस्तूल परत ठेवताना नेमकी चापावर दाब देते. परत ठेवण्याचा क्षण हा उपसण्याच्या क्षणाइतकाच धोक्याचा, आणि त्यात घाई करण्याचे काहीही कारण नसते. तेव्हा ‘होल्स्टर आहे ना’ एवढे म्हणूनही भागत नाही. ते त्याच पिस्तुलाच्या मापाचे आणि धड असावे लागते.

कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीत कोयती अडकवूनच माडाकडे निघतो. उघडे पाते धोतरात खोचून झाडावर चढण्याला तिथे कोणी मर्दुमकी समजत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र आपली नजर सिनेमाने घडवली आहे. नायक असो, खलनायक असो वा चकमकफेम इन्स्पेक्टर, पिस्तूल पाठीमागे पँटमध्ये सरकवणे ही त्याची अदा. खऱ्या गुन्हेगाराला होल्स्टर नको असते याला व्यवहारी कारण आहे. पोलीस दिसले की शस्त्र फेकून द्यायचे असते आणि कमरेला रिकामे होल्स्टर उरले तर तोच पुरावा होतो. जो माणूस कायदेशीर परवाना घेऊन आत्मसंरक्षणासाठी शस्त्र बाळगतो, त्याने फेकून द्यायच्या सोयीने बांधलेली पद्धत का उचलावी?

होल्स्टर न वापरणाऱ्यांची उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘मी सावध असतो’. अमेरिकन मरीन कोअरचे निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६मध्ये ॲरिझोनात शस्त्रप्रशिक्षणाची शाळा काढली. त्यांनी रुजवलेले चार नियम आज जगभर शिकवतात. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजा. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखा. पोटाशी खोचलेल्या पिस्तुलाची नळी दिवसभर मांडीच्या मुख्य धमनीकडे किंवा जांघेकडे असते. ती धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतो. इथे एक कबूल करायला हवे. पोटाशी बांधलेल्या होल्स्टरमध्येही नळीची दिशा तीच असते, म्हणून अनेक प्रशिक्षकांना ती जागा पसंत नाही. फरक चापाचा. होल्स्टरमध्ये दुसरा नियम वाकतो, पण तिसरा शाबूत असतो. नुसत्या खोचलेल्या पिस्तुलात दोन्ही मोडलेले असतात. सावधपणा हा दिवसाचे सोळा तास टिकणारा गुण नाही. तो कोणाच्याच अंगी तेवढा वेळ नसतो.

दुसरे उत्तर रिव्हॉल्वरवाल्यांचे. आमचा चाप जड, चुकून दाबला जात नाही. यात तथ्य आहे. घोडा न चढवता रिव्हॉल्वर झाडायची तर पिस्तुलाच्या जवळपास दुप्पट जोर लागतो. पण जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे आणि ती पडली तर गोळी सुटे. म्हणूनच १८७३च्या कोल्टमध्ये सहा घरे असूनही जाणते लोक पाचच काडतुसे भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. ती युक्ती पडण्यापासून वाचवते, चापापासून नाही. चापाने चक्री फिरणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये चापाच्या एकाच ओढीत चक्री भरल्या घरावर येते. तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक. पिस्तुलात मॅगझिन आहे, पण चेंबर रिकामे. तसे असेल तर चाप दाबूनही गोळी सुटणार नाही, हे मान्य. पण मग घसरण्याचे काय? गर्दीत जमिनीवर पडलेले पिस्तूल कोण उचलेल, हे खोचणाऱ्याच्या हातात राहत नाही.

कारण पडलेले पिस्तूल उचलणे हीच एक वेगळी आपत्ती आहे. २०१८मध्ये डेन्व्हरच्या एका मद्यालयात सुटीवर असलेल्या एफबीआयच्या अधिकाऱ्याने नाचता नाचता मागे कोलांटी मारली. कमरेचे पिस्तूल निसटून जमिनीवर पडले. पडल्याने काही झाले नाही. त्याने ते लगबगीने उचलले तेव्हा गोळी सुटली आणि जवळच्या ग्राहकाच्या पायात गेली. प्रशिक्षित माणूस, आणि हाताची प्रतिक्रिया बरेसचीच. उलट बाजूही आहे. सिग सावर कंपनीची पी-३२० पिस्तुले विशिष्ट कोनात पडली की झाडली जातात असे दिसल्यावर २०१७मध्ये कंपनीला ती सुधारून देण्याची योजना काढावी लागली. मूळ यंत्रातलाच दोष कोणतेही होल्स्टर झाकू शकत नाही. पण निर्दोष यंत्र उघडे ठेवण्याचे ते समर्थन होत नाही.

याहून विदारक घटना ३० डिसेंबर २०१४ची, आयडाहो राज्यातल्या हेडन गावची. एक तरुण आई दुकानात खरेदी करत होती. पर्समध्ये परवान्याचे भरलेले पिस्तूल होते. पर्सही खास त्यासाठी बनवलेली, चेन लावलेल्या वेगळ्या कप्प्याची. खरेदीच्या ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने कप्पा उघडला आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने आई जागीच गेली. पर्स अंगावर नसते. ती ट्रॉलीत असते, खुर्चीला अडकवलेली असते, दुसऱ्याकडे सोपवलेली असते. तिच्यातले पिस्तूल म्हणजे मालकाच्या ताब्यात नसलेले पिस्तूल.

हे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. तिकडे २०२४पर्यंत २९ राज्यांनी परवान्याविनाच पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली, म्हणजे किमान प्रशिक्षणाची चाळणीही गेली. आपल्याकडे परवाना मिळणे कठीण आहे, आणि ते तसेच असावे. पण दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्वर काढली, तेव्हा कौतुक कशाचे झाले? वजन अर्धा किलो, महिलांच्या पर्समध्ये सहज मावणारी, दागिन्यांच्या पेटीसारख्या डबीत मिळणारी. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. हेडनची घटना त्याच वर्षाअखेरची.

२०१६च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक कशी न्यावी हे लिहिलेले आहे. अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये, किंवा पाठपिशवीत वा तशा आवरणात, पूर्ण झाकलेली आणि धारकाच्या ताब्यात. नियम चांगला, पण त्याची नजर शस्त्र दिसण्यावर आहे, चापावर नाही. पाठपिशवी आणि होल्स्टर यांना एकाच पंगतीत बसवणाऱ्याने पिशवीतल्या किल्ल्या आणि चार्जरच्या वायरीचा विचार केलेला नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने समारंभात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला, एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. अंगावर शस्त्र कसे वागवावे, याकडे तेव्हाही कोणाचे लक्ष गेले नाही. निवडणूक आली की पोलीस परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतात, निकालानंतर परत देतात. ती परत नेणारा माणूस ठाण्याच्या दारातच शर्ट वर करून पिस्तूल कमरेत खोचतो का, हे पाहणे त्या कामात बसत नाही. साध्या वेशातले काही पोलीसही असेच खोचतात, मग ते तरी काय सांगणार?

१ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा यांना जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. ठेवताना ती हातातून निसटली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. सुदैवाने जिवावर बेतले नाही. आठवडाभर विनोद फिरले आणि विषय मिटला. घरात काय आणि रस्त्यावर काय, भरलेले शस्त्र हातात घेण्याचे प्रसंग जितके कमी तितके बरे. चांगल्या होल्स्टरचा एक फायदा हाही आहे की रात्री ते शस्त्रासकट काढून तिजोरीत ठेवता येते, चाप झाकलेलाच राहतो.

परवान्याच्या नूतनीकरणाला माणूस येतो तेव्हा कागद तपासले जातात, शस्त्राचा क्रमांक ताडून पाहिला जातो. त्याच टेबलावर त्याला होल्स्टरही दाखवायला सांगावे, शस्त्र रिकामे करून ते त्यात ठेवून आणि काढून दाखवायला सांगावे, आणि चाप उघडा राहत असेल तर नूतनीकरण थांबवावे. नियमात ‘पाठपिशवी’ आहे तिथे ‘चाप पूर्ण झाकणारे कडक आवरण’ असे लिहावे. गृहखात्याला यासाठी एक रुपयाचाही खर्च नाही.