भीतीचं ऐकणारे

लेबर रूमबाहेर बसलेल्या बापाला जो तो एकच धीर देतो, आजकाल काही होत नाही हो. आमच्या मुलीच्या वेळी मलाही तो भरपूर मिळाला. सांगणारे मायेनेच सांगत होते, पण भीती जागची हलली नाही. आता वाटतं, ती खुळी नव्हतीच. बाळंतपणातली भीती पुष्कळदा खरं काहीतरी सांगत असते, आणि तिचं ऐकणारं कुणी भेटलं की जीव वाचतात.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात सूतिकाज्वराने कितीतरी जास्त बाया दगावत. शहरातल्या गरीब बायांना हे ठाऊक होतं. तिथे नको, म्हणून त्या हातापाया पडत. विद्वान मंडळी मात्र हवेला दोष देत होती. तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. डॉक्टरांच्या आधी त्या घाबरलेल्या बायाच बरोबर होत्या.

आपल्याकडे आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल दहाच दिवस जगलं. त्या स्वतः तेव्हा जेमतेम चौदा वर्षांच्या. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, प्रबंधासाठी विषयही प्रसूतिशास्त्राचाच घेतला. पुढच्याच वर्षी वारल्या. मायदेशी डॉक्टर म्हणून काम करणं राहूनच गेलं, हे आजही मनाला लागतं.

धोका आजही पुरता सरलेला नाही. मूल बाहेर आल्यावर गर्भाशय नीट आवळलं गेलं नाही, तर थोड्याच वेळात बाईचं रक्त वाहून जातं. म्हणून लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी बाळाची बोटं बघत होतो. रात्री बायको म्हणाली, अंगावरून जरा जास्तच जातंय. मी घाबरत सिस्टरना सांगितलं. त्या हातातलं काम टाकून आल्या, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते पाहिलं, पॅड तपासलं, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं. तरी अर्ध्या तासाने, न बोलावता, त्या पुन्हा आल्या. पेढे वाटताना मी मोठ्या डॉक्टरांचे आभार मानले, आणि ते मानायलाच हवे होते. पण माझं मन भरून येतं ते त्या दुसऱ्या फेरीच्या आठवणीने.

अशी फेरी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना बाळाचा श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं की त्यामुळे नवजात मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. बाळाने दूध सोडलंय, हातपाय गार लागतायत, ही आईची धास्ती दारात येऊन ऐकणारं कुणीतरी आता होतं.

देशभर आज हे घरभेटीचं काम आशा सेविका, म्हणजे आपल्या आशाताई, करतात. आणि त्याच आशाताईंना पुरेशा मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं आहे. माझी लेक धडधाकट आहे, त्यामुळे मला गप्प राहणं सोपं आहे. तरीही त्या मैदानातल्या बायांची मागणी मला माझ्या घरातली वाटते.