नावात देश शोधणारे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला 3-2 असे हरवले. जर्मनीचा पहिला गोल केला गोन्सालो पेयातने. हा गडी मूळचा अर्जेंटिनाचा. 2016 साली रिओच्या उपांत्य सामन्यात याच जर्मनीवर त्याने तीन गोल चढवले होते आणि पुढे अर्जेंटिनाने सुवर्णपदक पटकावले होते. 2023 मध्ये भुवनेश्वरला तो जर्मनीकडून विश्वविजेता झाला. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे काही केल्या पचेना. ‘खेळाडूचे नाव सांगा, देश सांगतो’ ही त्यांची जुनी हौस. पेयातमुळे तिचा आता सिद्धान्त झाला आहे: संघाची यादी वाचून देश ओळखू आला नाही, तर तो राष्ट्रीय संघ नव्हे, भाडोत्री मेळा. हौसेच्या वाटेला कोणी जात नाही. सिद्धान्त मांडला की मात्र तपासणी आली.

सुरुवात घरापासून करू. 1928, ॲमस्टरडॅम. अंतिम सामन्यात नेदरलँड्सला 3-0 हरवून आपण हॉकीतले पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. ध्यानचंद सगळ्यांना ठाऊक असतो. बाकीची यादी वाचा: ॲलन, हॅमंड, पिनिगर, नॉरिस, सीमन, रॉक, गुडसर-कलन. गोलरक्षक रिचर्ड ॲलन नागपुरात जन्मलेला. त्या स्पर्धेत त्याच्यावर एकही गोल झाला नाही. गंमत अशी की त्या वर्षी ब्रिटनने हॉकीचा संघच उतरवला नव्हता. म्हणजे मैदानावर जी काही इंग्रजी नावे होती, ती भारताच्या बाजूला. प्राध्यापकांनी त्या दिवशी यादी वाचली असती, तर सुवर्णपदक लंडनला रवाना केले असते.

पुढचा पेपर 1976, माँट्रियल. विजेत्या संघात दोन पटेल आहेत, रमेश आणि मोहन. देश कोणता? न्यूझीलंड. भारत त्या वेळी सातवा आला. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर दोन गोल करणारा इम्रान शेरवानी कुणाचा? ब्रिटनचा. जबलपूरला जन्मलेले पाच पिअर्स बंधू खेळले ऑस्ट्रेलियाकडून. आणि अली दारा? 1936 ला बर्लिनमध्ये तो भारताचा सुवर्णविजेता, 1948 ला लंडनमध्ये पाकिस्तानचा कर्णधार. नावात एक अक्षर बदलले नाही, देश बदलला.

इथवर लिहून प्राध्यापकांना नापास करून टाकणे सोपे होते. पण 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या केनियाच्या यादीपाशी मी अडखळतो. कर्णधार अवतार सिंग सोहल. सोबत सुरजित सिंग पनेसर, आलू मेंडोन्सा, आणि हिलरी, एडगर, सिल्व्हेस्टर असे एकामागून एक फर्नांडिस. ही नावे मुकी नाहीत. पंजाबातून रेल्वे बांधायला गेलेले कारागीर आणि गोव्यातून सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करायला गेलेली माणसे त्यांत दिसतात; त्यांनी तिथे काढलेले क्लब आणि गुरुद्वाराही दिसतात. तेव्हा प्राध्यापकांना अर्धे गुण द्यायला हवेत. नाव पुष्कळ काही सांगते. आजोबा कोणत्या बोटीने गेले ते सांगते. नातू कुणासाठी धावणार ते सांगत नाही. प्राध्यापक पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहितात.

हीच चूक सत्तेने केली तर काय होते ते युगांडात दिसले. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला युगांडाचा हॉकी संघ ऑलिंपिक खेळायला उतरला, आणि त्यात संधू, ढिल्लों, परेरा होते. ज्या देशाचा शर्ट अंगात, त्याच देशात आपल्यासारख्या नावांच्या माणसांचे दिवस मोजले जात होते. नावावरून देश ठरवण्याचा सिद्धान्त अमीनने अमलात आणून दाखवला, एवढेच.

आता माझा आवडता माणूस. 1928 च्या त्या संघाचा कर्णधार जयपाल सिंग. नाव ऐकून प्राध्यापक पंजाब म्हणतील, फार तर राजपुताना. तो छोटा नागपूरचा मुंडा आदिवासी, धर्माने ख्रिस्ती, शिक्षणाने ऑक्सफर्डचा. हॉकीपायी त्याने आयसीएसवर पाणी सोडले. पुढे तो घटना समितीत गेला, आणि डिसेंबर 1946 मध्ये स्वतःला अभिमानाने ‘जंगली’ म्हणवून घेत त्याने भल्याभल्यांना ऐकवले, की या भूमीचे मूळ रहिवासी आम्ही. तुमच्यातले बहुतेक बाहेरून आलेले. नावाच्या हिशेबाने देश वाटायचा, तर सभागृहातल्या किती जणांना खुर्ची सोडावी लागली असती? पण तो तिथे खुर्च्या रिकाम्या करायला उभा राहिला नव्हता. आपल्या माणसांचा वाटा मागायला उभा होता, आणि तेही बाकीच्यांच्या बरोबरीने बसून. रेनाँपासून आंबेडकरांपर्यंत राष्ट्र म्हणजे काय यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला जयपाल सिंगांचे ते भाषण पुरते. मूळ कोण, याचे उत्तर ज्याच्या खिशात होते, त्यानेच ते राष्ट्राची अट म्हणून वापरले नाही.

आपल्या मराठी घरांत तरी काय वेगळे चालते? ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपण आडनावासाठी कधी विचारतो? प्राध्यापकांच्या रीतीने खडकीत वाढलेला धनराज पिल्ले तामिळनाडूचा, आणि झाशीत जन्मलेला तुषार खांडकर महाराष्ट्राचा. हसून सोडून देता आले असते. पण टोकियोच्या दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये आपला महिला संघ उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळ त्यातल्या वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवणाऱ्यांनी संघात दलित खेळाडू जास्त झाल्याची भाषा केली. आडनावावरून चाललेला अंदाज दारापर्यंत येतो तो असा.

1982 च्या एशियाडमध्ये पाकिस्तानकडून आपण 1-7 हरलो आणि गोलरक्षक मीर रंजन नेगींवर फितुरीचा आळ आला. 2007 मध्ये ‘चक दे! इंडिया’ निघाला. त्यातल्या मुलींना हॉकी नेगींनीच शिकवली, आणि पडद्यावर तसाच आळ आलेल्या नायकाचे नाव होते कबीर खान. हे नाव ऐकल्यावर संशय का आला, हे प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पटकथाकाराने आपल्याला बरोबर ओळखले होते.

म्हणून माझे भांडण अंदाजाशी उरलेले नाही. खुशाल नावे वाचा, गावे शोधा, बोटी शोधा. इतिहास शिकायची ही चांगली रीत आहे. पण पेयातला त्याच्या संघाच्या कागदांपलीकडे कुणी काही मागितले नाही, आणि आपण मात्र काही नावांकडून निष्ठेचा पुरावा मागतो, काहींकडून मागत नाही. हा फरक मनात ठेवून जो यादी वाचतो त्याला हॉकी कळत नाही, आणि राष्ट्र तर त्याहून कळत नाही. प्राध्यापकांनी पुढची यादी वाचताना आधी गोल मोजावेत.